ऑपरेशनपूर्वीची 'ती' तपासणी नेमकी कोणाला वाचवते?

गेल्या महिन्यात ओपीडी संपत आली असताना एक गृहस्थ आले. वय ५४, एसटीत कंडक्टर. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत तीन वेगवेगळ्या हॉस्पिटलच्या फायली. मागे बायको आणि जावई. तक्रार विचारली तर म्हणाले, "तक्रार काही नाही साहेब. हर्नियाचं ऑपरेशन करायचंय, पण कोणी हात लावायला तयार नाही."

फायली उघडल्या. पहिल्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनची तारीख ठरली होती. आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे रक्त तपासायला घेतलं. साखर, हिमोग्लोबिन आणि त्यासोबत 'त्या' तीन टेस्ट: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. बीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं नाही. काउंटरवरच्या मुलाने चार माणसांसमोर जावयाला सांगितलं, "तुमच्या पेशंटला पांढरी कावीळ आहे, आमच्याकडे नाही होणार." दुसऱ्या ठिकाणीही तोच प्रकार, फक्त भाषा जरा गोड. तिसरं हॉस्पिटल तयार झालं, पण दोन अटींवर. 'स्पेशल किट'चे बारा हजार वेगळे, आणि नंबर सगळ्यात शेवटी. म्हणजे सकाळपासून उपाशी राहायचं आणि संध्याकाळी सात-आठला बघू.

बायको हळूच म्हणाली, "घरी यांचं ताट-तांब्या वेगळं केलंय. नातवाला जवळ घेऊ देत नाही आम्ही." हे सांगताना कंडक्टरसाहेब खिडकीबाहेर बघत होते.

हा लेख मी त्या खिडकीबाहेर बघण्यामुळे लिहितोय. तीन हॉस्पिटलपैकी एकाचंही नाव घेणार नाही, कारण हा तीन हॉस्पिटलचा प्रश्नच नाही. आपल्याकडे ही रीतच पडली आहे. आणि माझं म्हणणं असं आहे की ही रीत पेशंटवर अन्याय करते एवढंच नाही, ती हिपॅटायटिसचा संसर्ग थांबवतही नाही. उलट, थांबवायला जे खरोखर करावं लागतं त्यावरून सगळ्यांचं लक्ष उडवते.

आधी थोडं समजून घेऊ. कावीळ हा आजार नाही, ते लक्षण आहे. डोळे पिवळे, लघवी पिवळी. कारणं अनेक. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून-अन्नातून येतात आणि बहुतेक वेळा आपोआप बरे होतात. (हाताला काहीतरी चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतला, पाणी पिवळं झालं आणि कावीळ 'उतरली' असं वाटतं, ते यामुळेच. पाणी पिवळं होतं ते हाताला चोळलेल्या पदार्थाची चुन्याशी प्रक्रिया होऊन. ज्याला कावीळ नाही त्याचा हात तसाच धुऊन बघा.) हिपॅटायटिस बी आणि सी हे रक्तातून पसरतात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. हे दोघं वर्षानुवर्षं कोणतंही लक्षण न दाखवता यकृतात राहू शकतात, डोळे अजिबात पिवळे न करता. 'पांढरी कावीळ' हे नाव लोकांनी त्याला दिलं ते काही वाईट नाही. वाईट एवढंच की त्या नावाबरोबर ताट-तांब्या वेगळा होतो. एका ताटात जेवून, नातवाला मांडीवर घेऊन बी किंवा सी पसरत नाही.

प्रौढ माणसाला बीचा संसर्ग झाला तर शंभरातल्या पंचाण्णव जणांचं शरीर तो विषाणू स्वतःच हटवतं. जन्मताना आईकडून मिळाला तर मात्र शंभरातल्या नव्वद बाळांमध्ये तो कायमचा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये जवळपास तीन कोटी लोकांना जुना बी होता आणि सुमारे पंचावन्न लाखांना सी. यातल्या बहुतेकांना हे माहीतच नाही. ते तुमच्याशेजारी बसमध्ये बसतात, तुमच्याबरोबर जेवतात, आणि हर्निया-मूळव्याध-मोतीबिंदूसाठी ऑपरेशन टेबलावर झोपतात.

आता त्या तपासणीबद्दल. तपासणी वाईट नाही, हे आधीच स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल डॉक्टर टेस्ट करू नका म्हणतात. गरोदर बाईची हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण आई पॉझिटिव्ह असेल तर जन्मल्यापासून चोवीस तासांत बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन देऊन त्याला वाचवता येतं. केमोथेरपीआधी, प्रत्यारोपणाआधी तपासणी हवीच, कारण प्रतिकारशक्ती दबली की झोपलेला बी उठतो. डायलिसिसमध्ये तर बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन खरोखरच वेगळं ठेवावं लागतं, तिथे ते शास्त्र आहे. या सगळ्या ठिकाणी तपासणी पेशंटच्या किंवा त्याच्या शेजारच्याच्या फायद्यासाठी होते.

हर्नियाच्या आदल्या दिवशी झालेली तपासणी कोणाच्या फायद्यासाठी होती? कंडक्टरसाहेबांना रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर एकाही हॉस्पिटलने यकृताचे एन्झाइम, विषाणूचं प्रमाण, सोनोग्राफी यातलं काही सुचवलं नाही. पत्नीची तपासणी करा, लस द्या, असं कोणी म्हटलं नाही. आजार सापडला आणि आजाऱ्याला दाराबाहेर काढलं. या तपासणीचा एकच उपयोग होता, हॉस्पिटलला कोणाला नको म्हणायचं ते कळणं.

"पण स्टाफची सुरक्षितता?" माझे सर्जन मित्र हेच विचारतात, आणि प्रश्न खोटा नाही. पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर, लस न घेतलेल्या माणसाला बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. सीची शंभरात दोन-तीन, एचआयव्हीची हजारात तीन. मी स्वतः हे भोगलंय. १९९३ मध्ये मी इंटर्न होतो. काचेच्या सिरिंज स्टीलच्या डब्यात उकळायच्या, सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या, त्या बोथट झाल्या की दगडावर घासायच्या. एका रात्री कॅज्युअल्टीत सुईला टोपण लावताना ती माझ्या अंगठ्यात गेली. पेशंट अपघाताचा होता, बेशुद्ध, त्याचं रक्त कोण तपासणार? लस तेव्हा होती, पण परदेशी, आणि इंटर्नच्या विद्यावेतनात बसणारी नव्हती. सहा महिने मी आरशात डोळे बघत होतो. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तेव्हा पहिल्या लॉटमध्ये मी तीनही डोस घेतले.

म्हणजे भीती मला ठाऊक आहे. पण त्या रात्रीचा माझा पेशंट बघा. अपघाताचा, बेशुद्ध, रिपोर्ट नाही. आजही रात्री दोनला सिझेरियन येतं, अपेंडिक्स फुटलेला येतो, ट्रकखाली सापडलेला येतो. रिपोर्टची वाट बघत कोणी थांबत नाही. मग तेव्हा स्टाफची सुरक्षितता कुठे जाते? जी सुरक्षितता फक्त दुपारच्या ठरवलेल्या ऑपरेशनपुरती आहे ती कसली सुरक्षितता?

दुसरी गोष्ट. निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे विषाणू नाही असं नाही. बीचा संसर्ग झाल्यावर टेस्ट पॉझिटिव्ह व्हायला सरासरी महिनाभर लागतो, कधी दोन महिन्यांहून जास्त. सीच्या नेहमीच्या अँटिबॉडी टेस्टला तर दोन-अडीच महिने. या मधल्या काळात माणसाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो आणि रिपोर्ट स्वच्छ असतो. अशा माणसाची फाइल 'निगेटिव्ह' शिक्क्यासह ओटीत जाते. आणि त्या शिक्क्याचा परिणाम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय: "निगेटिव्ह आहे ना? मग एकच ग्लोव्ह चालेल." "चष्मा राहू दे." "सुई इथेच ठेव, नंतर टाकू." रिपोर्टवर भरवसा ठेवणारी ओटी निगेटिव्ह पेशंटच्या बाबतीत ढिली पडते, आणि अनोळखी धोका नेमका तिथेच असतो.

याचं उत्तर जगाने कधीच शोधलंय. एड्सच्या भीतीच्या काळात, १९८५ च्या सुमारास, अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने एक साधं तत्त्व मांडलं: प्रत्येक पेशंटचं रक्त दूषित आहे असं समजूनच काम करा. प्रत्येक. कलेक्टर असो की कंडक्टर. आज त्याला स्टँडर्ड प्रिकॉशन्स म्हणतात आणि आपल्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात ते शिकवतात. ते नीट पाळलं तर पॉझिटिव्ह पेशंटसाठी वेगळं काही करायला उरतच नाही. १२१ अंशांच्या वाफेत ऑटोक्लेव्ह ठरलेला वेळ चालला की हिपॅटायटिसचा विषाणू मरतो, आणि आतली हत्यारं कोणाच्या पोटातून आली हे ऑटोक्लेव्ह विचारत नाही. मग बारा हजारांचं ते 'स्पेशल किट' काय आहे? डिस्पोजेबल गाऊन, जादा ग्लोव्ह, चष्मा, प्लॅस्टिकचे ड्रेप. यातलं जे खरोखर आवश्यक आहे ते सगळ्यांसाठीच आवश्यक आहे. म्हणजे एक तर त्या दिवशीच्या बाकीच्या पेशंटना तुम्ही आवश्यक ते दिलं नाही, नाहीतर यांच्याकडून अनावश्यक पैसे घेतले. तिसरा पर्याय मला दिसत नाही.

आता या सगळ्यात जो प्रश्न कोणीच विचारत नाही त्याकडे येतो. आत्तापर्यंत आपण पेशंटकडून डॉक्टरला काय होईल हे बोलत होतो. पण एका पेशंटकडून दुसऱ्या पेशंटला? तुम्ही निगेटिव्ह आत गेलात आणि पॉझिटिव्ह बाहेर आलात तर?

हे कसं होतं ते नीट वाचा, कारण ते सिनेमातल्यासारखं रक्ताने माखलेल्या सुरीने होत नाही. ते एका छोट्या काचेच्या बाटलीतून होतं. समजा, भुलेचं किंवा जागा बधिर करायचं औषध एका व्हायलमध्ये आहे आणि त्यात चार पेशंटना पुरेल एवढं औषध आहे. पहिल्या पेशंटला इंजेक्शन दिलं. थोडं आणखी लागलं. सिस्टरने सुई बदलली, नवी सुई लावली, पण सिरिंज तीच, आणि ती पुन्हा व्हायलमध्ये घातली. सुई नवी आहे, मग काय बिघडलं? बिघडलं हे की शिरेत इंजेक्शन देताना रक्ताचा अंश सिरिंजमध्ये मागे येतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. तो आता व्हायलमध्ये गेला. दुसऱ्या पेशंटसाठी सिरिंज नवी, सुई नवी, सगळं कोरं, पण औषध त्याच व्हायलमधलं. दुसरा पेशंट फक्त आपल्या नशिबाच्या भरवशावर आहे.

ही कल्पना नाही. अमेरिकेत लास वेगासच्या एका एंडोस्कोपी केंद्रात अगदी हेच झालं. २००८ च्या सुरुवातीला हिपॅटायटिस सीचे काही मोजके नवे रुग्ण आरोग्य खात्याच्या नजरेस आले, सगळे एकाच केंद्रात तपासणी करून गेलेले. चौकशीत भुलेच्या व्हायलचा हाच प्रकार निघाला, आणि चाळीस हजारांहून जास्त लोकांना पत्रं गेली: येऊन रक्त तपासून घ्या. अमेरिकेत, जिथे प्रत्येक गोष्टीला कागद लागतो तिथे.

आपल्या शेजारी गुजरातमध्ये, त्या वेळच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात, २००९ च्या सुरुवातीला हिपॅटायटिस बीची साथ आली. डझनावारी माणसं दगावली. तपासात वापरलेल्या सिरिंज-सुया पुन्हा वापरल्याचं पुढे आलं, डॉक्टरांना अटक झाली, आणि वापरलेल्या वैद्यकीय कचऱ्याचा भंगारातला धंदाही उघडा पडला. या लोकांपैकी अनेक जण साध्या तापासाठी, अंगदुखीसाठी सुई घ्यायला गेले होते.

मोडासा आपल्याला कळलं कारण तिथे थोड्या दिवसांत खूप लोक मेले. बाकी वेळी कळत नाही. का, ते सांगतो. हिपॅटायटिस बी शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते सहा महिने जातात, सरासरी दोन-तीन महिने. सीचंही तसंच, आणि सीच्या बहुतेक रुग्णांना तर सुरुवातीला काहीच होत नाही. टाके निघालेले असतात, बिल भरून झालेलं असतं, सर्जनला पेढे देऊन झालेले असतात. तीन महिन्यांनी भूक मंदावते, डोळे पिवळे होतात, माणूस म्हणतो "बाहेरचं काही खाल्लं असेल", आणि गावातल्या कावीळवाल्याकडे जातो. ऑपरेशनशी त्याचा संबंध कोण जोडणार? म्हणूनच प्रत्येक हॉस्पिटल छातीठोकपणे सांगतं, "आमच्याकडे आजवर एकही केस नाही." बरोबर आहे. तुम्ही शोधलीच नाही. आत घेताना तीन टेस्ट सक्तीच्या, बाहेर सोडल्यावर तीन महिन्यांनी एकही नाही. पेशंटने आमच्याकडे काय आणलं हे बघायची व्यवस्था आहे, आम्ही त्याच्याबरोबर काय पाठवलं हे बघायची नाही. तपासणीच्या या एकतर्फीपणावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे, आणि तो मी माझ्याच व्यवसायावर घेतोय.

व्हायलखेरीज आणखी रस्ते आहेत. ऑपरेशनच्या आदल्या रात्री दाढीच्या ब्लेडने 'तयारी' करतात, तो वस्तरा किंवा ब्लेडचा होल्डर दहा जणांसाठी एकच असतो का? (मुळात वस्तऱ्याने केस काढणं आता योग्य मानत नाहीत, काढायचेच असतील तर क्लिपरने.) वॉर्डात साखर तपासायला बोट टोचतात, ते टोचायचं पेन सगळ्या खाटांवर एकच फिरतं का? इन्सुलिनचं पेन? तिथेही नुसती सुई बदलून भागत नाही, पेन एका पेशंटचं एकच हवं. सलाईनची एक मोठी बाटली टेबलावर उघडी ठेवून दिवसभर सगळ्यांच्या सुया त्यातून 'फ्लश' करतात का? दुर्बिणीची हत्यारं दोन ऑपरेशनच्या मध्ये ग्लुटाराल्डिहाइडच्या ट्रेमध्ये बुडवतात, पण आधी नीट घासून रक्त काढलं का, आणि पुरेसा वेळ ठेवलं का? लिस्ट लांब असली की ट्रेमधली वीस मिनिटं आठ मिनिटांची होतात, हे ओटीत काम केलेला कोणीही सांगेल. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहतो. घाई त्याच्या पथ्यावर पडते.

आणि रक्त. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९९८ पासून बंदी आली, प्रत्येक बाटलीची तपासणी होते, तरी तो मधला काळ तिथेही आहेच. म्हणून नात्यातल्या नात्यात "अशक्तपणा आहे, एक बाटली चढवून टाका" असा आग्रह धरू नका. एकाच बाटलीने भागत असेल तर बहुतेक वेळा तीही लागली नसती.

स्टाफचं काय? मला खरी काळजी त्यांचीच आहे, सर्जनपेक्षा जास्त. सर्जनने लस घेतलेली असते. पण ओटी पुसणाऱ्या मावशी, कचऱ्याच्या पिशव्या उचलणारे मामा, कंत्राटावर आलेली अठरा वर्षांची मुलगी? २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हव्यात, आणि कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस मिळायला हवी. मी ओळखीच्या एका नर्सिंग होममध्ये चहा पिता पिता मावशींना विचारलं, लस घेतली का? त्या म्हणाल्या, "कोरोनाची? दोन घेतल्या." त्याच नर्सिंग होममध्ये पॉझिटिव्ह पेशंटच्या फाइलवर लाल स्टिकर लागतं. मावशीच्या दंडात तीन डोस गेले असते तर तिचं आयुष्यभराचं संरक्षण झालं असतं, आणि खर्च झाला असता एका पेशंटच्या 'त्या' तीन टेस्टच्या आसपास. सीवर लस नाही, हे खरं. पण सीवर आता बारा आठवड्यांच्या गोळ्या आहेत आणि शंभरातले पंचाण्णवहून जास्त पूर्ण बरे होतात.

तुमचीही थोडी चूक दाखवतो, रागावू नका. "डॉक्टर, गोळ्यांनी काय होणार, सुई द्या" हे वाक्य मी तीस वर्षं रोज ऐकतोय. अशक्तपणाला सलाईन, सर्दीला सुई. न लागणारं प्रत्येक इंजेक्शन हा उगाच घेतलेला धोका आहे. गोळी गिळून कोणाला हिपॅटायटिस बी किंवा सी झालेला नाही.

तर मग ऑपरेशन ठरलं असेल तर काय करायचं? पहिलं म्हणजे, या लेखामुळे ते पुढे ढकलू नका. चांगलं काम करणारी हॉस्पिटलं भरपूर आहेत, मोठीही आणि दहा खाटांचीही. दोन-चार महिने हातात असतील तर हिपॅटायटिस बीची लस सुरू करा: आज, एका महिन्याने, सहाव्या महिन्यात. आणि विचारा. आपल्याकडे डॉक्टरला विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं समजतात, पण वाण्याकडून तेल घेताना तुम्ही सील बघताच. इंजेक्शन द्यायला सिस्टर आल्या की हसून म्हणा, "सिस्टर, पाकीट माझ्यासमोर फोडता का?" व्हायल कुठली, आत्ता उघडली की आधीची, हेही विचारा. सर्जनला विचारा, "तुमच्या सगळ्या स्टाफला बीची लस झालीय का, मावशींनासुद्धा?" याचं उत्तर लगेच 'हो' आलं तर त्या ओटीत बाकीच्या गोष्टीही बऱ्याच जागेवर असतात, असा माझा अनुभव आहे. उत्तरादाखल कपाळावर आठ्या आल्या तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

आणि तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर? एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा आहे: संमतीशिवाय तपासणी नाही, भेदभाव नाही. हिपॅटायटिससाठी तसा खास कायदा नाही, आणि ही पळवाट सगळ्यांना माहीत आहे. पण रिपोर्ट गुप्त ठेवला जाणं हा तुमचा हक्क आहे. काउंटरवर मोठ्याने वाचून दाखवला तर तिथेच मोठ्याने विचारा, "हे तुम्ही चार लोकांसमोर का सांगताय?" बिलात 'स्पेशल किट' असेल तर त्यात काय काय आहे याची यादी मागा.

कंडक्टरसाहेबांकडे परत येतो. त्यांनी मला विचारलं होतं, "साहेब, मी दारू पीत नाही, बाहेरचा नाद नाही. मला हे लागलं कुठून?" मी इतिहास विचारला. १९९६ साली तालुक्याच्या गावी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. तिथूनच लागलं असं मी म्हणू शकत नाही. आईकडून जन्मताच मिळालं असेल, सलूनमधल्या वस्तऱ्याने, गावच्या डॉक्टरच्या सुईने, काहीही. आता सिद्ध होणार नाही. पण शक्यता आहे की ज्या दारातून त्यांना आज हाकललं, तशाच एका दारातून हा विषाणू त्यांना मिळाला होता. मी हे त्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांचे एन्झाइम नॉर्मल आले, विषाणूचं प्रमाण कमी, सोनोग्राफी ठीक. सध्या गोळी नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी. पत्नीची टेस्ट निगेटिव्ह, लसीचा पहिला डोस त्याच दिवशी दिला. मुलीला आणि जावयालाही तपासलं. नातवाची लस जन्मापासूनच्या सरकारी वेळापत्रकात झालेली होती, आता ती सगळ्या बाळांना मिळते. ताट-तांब्याबद्दल मी बाईंना जरा कडक शब्दांत बोललो. हर्निया पंधरा दिवसांपूर्वी एका सरकारी मेडिकल कॉलेजात झाला. लिस्टमध्ये त्यांचा नंबर दुसरा होता. किट वगैरे कोणी काढलं नाही.

तुमचं स्वतःचं जुनं ऑपरेशन असेल, कधी रक्त चढवलेलं असेल, किंवा काचेच्या सिरिंजच्या जमान्यातली इंजेक्शनं आठवत असतील, तर आयुष्यात एकदा या दोन टेस्ट करून घ्या: बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी अँटी-एचसीव्ही. नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं, बीची आणि सीची दोन्ही, सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा. आधार कार्ड आणि जुना रिपोर्ट असेल तर तो बरोबर न्या.